चार नंबरचं रीळ

दुरुस्तीची खोली,
दि. ४ मार्च

चि. बेडकास,
अनेक आशीर्वाद.

तुझी पेटी चार दिवसांपूर्वी गाडीवाल्याने आणून टाकली. उघडली आणि कपाळाला हात लावला. पाच रिळं, पाचही चिखलाने माखलेली, आणि दोरी ओली असतानाच आवळून गुंडाळलेली. ओली दोरी ताणून गुंडाळली की सुकताना आवळते आणि पाण्यात ऐन वेळी रीळ फिरत नाही, हे किती वेळा सांगायचं? पालथ्या घड्यावर पाणी. तुम्ही पाणबुडे खाली जितके सावध, तितकेच वर आल्यावर आळशी.

असो. सगळी दोरी रिळांवरून उतरवली, टबात गोड्या पाण्यात भिजवली, पाणी तीनदा बदललं. खाणीतली कच पिळात शिरते आणि दोरीला आतून कुरतडते. मग पॅसेजमध्ये खिळ्यांवर सैल टांगून सावलीत सुकवली आणि शेवटी कुठे झिजलीय का ते कळायला डोळे मिटून वाव-वाव करत बोटांतून सोडली. खाली गढूळ पाण्यात तुम्ही ती चाचपतच परतीची वाट धरता, मग मी तरी का बघावं? ऑफिसातले म्हणतात, मदतीला माणूस घ्या. मी नको म्हटलं. तुझी दोरी दुसऱ्याच्या हातात द्यायला माझं मन घेत नाही.

तुझी आई बरी आहे. तिच्या शिवणकामाला उसंत नाही. मी खाणीचा विषय काढला की ती मशीन जोरात चालवते. तुला पाण्यात मी उतरवलं, हे ती विसरलेली नाही, आणि माझ्या या खोलीत तिने आजवर पाऊल टाकलेलं नाही.

पाणी भरलेल्या त्या खाणीत अजून चार जण राहिलेत म्हणतोस. जिवंत नसले तरी घरच्यांना त्यांचं तोंड बघायला मिळू दे. जपून काम कर. पत्र लिहिताना हात आखडता घेऊ नकोस. लोभाचं मी बघते.

तुझी आत्या

---

खाणीवरून,
दि. ९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पेटी मिळाली. बोलणी खाल्ली, पोट भरलं.

आता जे लिहितो ते आईला सांगू नकोस. परवा तिसऱ्या बोगद्यात चार नंबरचं रीळ घेऊन गेलो होतो. परत फिरलो तेव्हा पाणी इतकं गढूळ झालं होतं की स्वतःचा हात दिसेना. दोरी धरून येत होतो आणि मध्येच ती संपली. नुसतं टोक हातात. त्या टोकाला जवळचं छोटं रीळ बांधलं आणि चाचपडत दुसरं टोक शोधत राहिलो. नऊ मिनिटं लागली. वर आलो तेव्हा हवा जेमतेम उरली होती.

तुटलेली जागा उजेडात बघितली. वीतभर दोरीचे धागे सुटलेत, आणि सुटून बरेच दिवस झालेत. तुझ्या बोटांतून हे निसटणं शक्य नाही, म्हणून विचारतो: या खेपेला तपासलं कोणी? ऑफिसने कुणी नवं माणूस दिलंय का? पथकप्रमुखांना मी सांगितलंय की लोखंडी तुळईला घासून तुटली. त्यांनी मान डोलावली. तू काळजी करू नकोस, फक्त खरं काय ते कळव.

माया आहे तशीच असू दे.

तुझा बेडूक

---

दुरुस्तीची खोली,
दि. ११ मार्च

चि. बाळास आशीर्वाद.

पेटीची वाट न बघता हे पत्र आजच गाडीवाल्याच्या हाती देते आहे. नवं माणूस कुणी नाही. दोरी मीच तपासली.

हिवाळ्यापासून माझी बोटं बधिर झाली आहेत. तुझ्यासारख्याच बुड्या मारत इतकी वर्षं गार पाण्यात काढली, त्याचं फळ. एकदा सुई टोचली, रक्त आलं तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. तरी मी डोळे मिटून दोरी बोटांतून सोडत राहिले आणि काही लागलं नाही म्हणून ठीक समजत राहिले. आपल्या माणसाची दोरी आपणच बघायची, या हट्टापायी मी तुला मारायला निघाले होते. झाकली मूठ ठेवायची होती मला, दुसरं काही नाही.

तुझ्या पथकप्रमुखांनाही वेगळं पत्र लिहिलं आहे, याच गाडीने येतंय. तुळईची थाप तू मागे घे. माझ्या हातून गेलेलं एकही रीळ पाण्यात नेऊ नका.

आशीर्वाद आहेतच; लोभ मागायचं तोंड मला नाही.

आत्या

---

खाणीवरून,
दि. १४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न.

काम थांबलं. सगळी रिळं उलगडून आम्ही उजेडात बसून तपासली. आणखी दोन दोऱ्या झिजलेल्या निघाल्या. त्यातली एक माझा जोडीदार दुसऱ्या दिवशी सकाळी घेऊन उतरणार होता. तुझं पत्र एक दिवस उशिरा आलं असतं तर काय झालं असतं, ते लिहवत नाही.

मी रागावलो आहे, आत्या. चूक झाली म्हणून नाही, लपवलंस म्हणून. मला पहिला श्वास पाण्याखाली तू घ्यायला शिकवलास आणि मलाच सांगितलं नाहीस.

आमचे हात चिखलाने फाटलेत, आमच्याही बोटांचा भरवसा नाही. रिळं परत पाठवतो आहे. नीट तपासून येईपर्यंत कुणी उतरणार नाही. चौघांच्या घरची माणसं रोज सकाळी काठावर येऊन बसतात. तेवढ्यासाठी तरी तपासायला कुणीतरी शोध.

रागातही लोभ आहे, हे तुला सांगायला नको.

बेडूक

---

दुरुस्तीची खोली,
दि. १९ मार्च

चि. बेडकास आशीर्वाद.

तू नको म्हणाला होतास, तरी वहिनींना, तुझ्या आईला, सगळं सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं. आता तोंडाला येईल ते बोलतील आणि आपण ऐकून घ्यायचं, असं मी ठरवून बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, की दोरी कुठे आहे.

आता धुणं-सुकवणं माझं आणि तपासणं त्यांचं. सगळा जन्म सुईदोऱ्यात गेलेली बोटं आहेत, तरी मला खात्री हवी होती. तुम्ही उजेडात बघून बरी म्हटलेली, मी पूर्वी दोनदा तपासलेली एक दोरी घेतली आणि त्यांच्या नकळत दोन ठिकाणी पात्याने खरवडून ठेवली. त्या डोळे मिटून बसल्या. दोन तास दोरी त्यांच्या बोटांतून सरकत होती.

त्यांना तीन जागा सापडल्या.

ती तिसरी जागा मी कितीदा तरी बोटांत धरून बघितली. मला काही लागलं नाही. वहिनींनी माझा हात बाजूला केला आणि तेवढा तुकडा कापून टाकला. मग मी रडले. त्या उठून गेल्या नाहीत.

झिजलेले आणि खरवडलेले सगळे तुकडे काढून, जोड देऊन पाचही रिळं पाठवते आहे. राग हवा तितका ठेव, पण उत्तर पाठव.

तुझी आत्या

ता. क. बाळा, पाचही दोऱ्या मी तपासल्या आहेत, प्रत्येक दोनदा. तू पाण्यात जाऊ नयेस असं मला आजही वाटतं. पण त्या चौघांनाही आया असतील. जा.
– आई