तुझ्या घराची मापं

चि. धाकटीस,

थोरलीचे आशीर्वाद, आणि जावईबापूंना नमस्कार (ते हे पत्र वाचणार नाहीत असं धरून लिहिते आहे, वाचत असतील तर नमस्कार जरा जास्त वाकून). तुझी कंबर कशी आहे? माझी विचारू नकोस, वीस वर्षं शिलाई मशीनवर बसल्यावर ती जशी व्हायची तशी झाली आहे.

तू सांगितल्याप्रमाणे रविवारी तुझ्यासाठी तो फ्लॅट पाहून आले. पण आधी तुझ्या तयारीबद्दल बोलू दे, नाहीतर माझ्या पोटात दुखत राहील. तुमची बदली व्हायला अजून पाच महिने आहेत, आणि तुझं कर्ज आत्ताच मंजूर, कागदांच्या फाइलला रंगीत चिठ्ठ्या, आणि घरमालकांना विचारायला मला एक्केचाळीस प्रश्न, तेही टाइप करून. आम्हीही बारा वर्षं घर घ्यायची तयारी करतोच आहोत. आमची फाइल म्हणजे बिस्किटांचा एक डबा, त्यात जाहिरातींची कात्रणं. त्यातली निम्मी घरं एव्हाना पाडून पुन्हा बांधली असतील.

दार उघडलं ते घरमालकीणबाईंनी (निवृत्त नर्स, एकट्या, आता लेकाकडे जाणार आहेत). मी बहिणीसाठी आले आहे हे दारातच सांगणार होते, देवाशपथ. पण बाई म्हणाल्या, "या, तुमचं घर बघून घ्या." मला आजवर घरमालकांनी फक्त भिंतीत खिळा ठोकायचा नाही एवढंच सांगितलेलं. मी चपला काढून सरळ आत गेले, आणि नंतर सांगायची वेळ निघून गेली.

मग तुझा सतरावा प्रश्न आला, नळाखाली बादली किती वेळात भरते. मी बादली लावली, घड्याळ हातात धरलं आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले. पाणी हॉलपर्यंत आलं तेव्हा बाईंनीच नळ बंद केला. दोघींनी मिळून सगळी फरशी पुसली, पलंगाखालची सुद्धा. बाईंनी वर चहाही केला. (उत्तर : बादली फार लवकर भरते.)

आता घराचे दोष, तुझ्या काळजीपोटी स्पष्ट लिहिते. सकाळचा उजेड इतका आत येतो की पडद्यांच्या खर्चातच तू बुडशील. कपाटं भिंतीतच केलेली आहेत, मग तुझी ती महागडी कपाटं ठेवणार कुठे? शेजारी कमालीचे शांत, तुला करमायचं नाही. बाजार खालीच, म्हणजे तुझी गाडी नुसती पडून राहणार. आणि मागच्या खोलीला स्वतंत्र दार आहे. कोणी गिऱ्हाईक आलं तर घरच्यांना कळणारही नाही. तुला काय करायचंय असलं दार?

तू मागितलेली सोफ्याची आणि डायनिंग टेबलाची मापं घ्यायला टेप काढला, नेहमीच्या शिलाईच्या वहीत सगळं लिहून घेतलं. घरी येऊन तुझ्यासाठी उतरवायला बसले तर पानावर, 'गिऱ्हाइकाचं नाव' या ओळीपुढे, माझंच नाव. खाली मशीनला खिडकीजवळ पाच फूट, इस्त्रीचं टेबल, ह्यांची आरामखुर्ची. तुझा सोफा कुठेच नाही. आत्ता आमचं मशीन बोळात आहे, संडासला जाणारा प्रत्येकजण मला "पाय घे" म्हणतो. तुझा मला हेवा वाटतो गं. लहानपणी तुझ्या वेण्यांचा वाटायचा तसा नाही, चांगला जाणता, पिकलेला हेवा.

एकूण घर तुझ्या लायकीचं नाही. दुसरं बघ.

तुझी,
थोरली

ता. क. वरचे दोष खरे आहेत, पण त्यांना दोष म्हणणारी मी एकटीच.

ता. क. २. सोमवारी बँकेत जाऊन आले. सुरुवातीला भरायची रक्कम आमच्याकडे जमली आहे (तुला सांगितलं नाही, तू ती कुठे गुंतवायची ते सांगत बसली असतीस). साहेबांनी कमाईचा पुरावा मागितला, मी नऊ वर्षांच्या मापांच्या वह्या पुढे ठेवल्या. त्यांनी चार पानं उलटली आणि यातली कमाई कोणती आणि कंबर कोणती, असं अगदी अदबीने विचारलं. ह्यांचा पगार एकट्याने पुरत नाही. पक्क्या पगाराचा जामीनदार आणला तर मात्र काम होईल म्हणाले. आमच्या माहितीत तसा पगार एकच आहे.

ता. क. ३. सोबत जामीनदाराचा फॉर्म आहे. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे तीन सह्या हव्यात. बाई पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबणार आहेत. त्यांना अजून वाटतंय की एक्केचाळीस प्रश्न विचारणारी बाई पक्की गिऱ्हाईक असणार. तू बघितलेलं घर तुझ्याच सहीवर मागते आहे, हे मला कळतंय. नाही म्हणायचं असेल तर फोनवर म्हण, पत्रात लिहू नकोस. तुझं अक्षर पहिल्यापासून माझ्यापेक्षा सुंदर आहे, आणि त्या अक्षरातला नकार मला वाचायला जमणार नाही.