भरपाईच्या गाईंचं दूध

आई गं,

मी बरी आहे, पोटभर बटाटे मिळतात. आपल्या छोट्या कोरबिनियनचा खोकला थांबला का? त्याला दूध मिळतं का गं कुठे?

लढाई हरलो म्हणून भरपाईत फ्रान्सला द्यायच्या चाळीस गाई मी कामाला आहे त्या गोठ्यात आल्यात. काल ताब्याच्या कागदांवरच्या सह्यांवरून दोन्हीकडचे साहेब भांडत बसले. धारेची वेळ टळली, कासा तटतटल्या, गाई नुसत्या हंबरत होत्या. शेवटी आम्ही मुलींनी धारा काढल्या, तर दूध कुणाचं ते ठरेना.

"गाई आमच्या, दूधही आमचं," फ्रेंच साहेब म्हणाला.

"सही कुठं झालीय अजून?" आपला जर्मन साहेब ओरडला. "ए पोरी, ओत ते गटारात! मग कुणाचंच नाही."

कुंपणाबाहेर बायका लेकरं नि किटल्या घेऊन उभ्या होत्या. शी! दोघांचीही किळस आली मला.

मला चारचौघांत बोलता येत नाही, तुला माहितीय. कालही नाही आलं. बादली उचलली नि सरळ कुंपणाशी जाऊन किटल्या भरल्या.

नोकरी गेली, आई. शनिवारी येते. रागव हवं तर, पण परत त्यांच्यात जा म्हणू नकोस.

कोरबिनियनला पापा.
तुझी झेन्झी