मोठं एक की लहान दोन

२ मार्च, रविवार. सकाळी ६.३०
यापुढे जेवताना त्या खोक्यांचं नाव काढलंस तर मी पानावरून उठेन, असं हे काल म्हणाले. एकेचाळीस वर्षांच्या संसारात यांनी मला पहिल्यांदाच काही ठणकावून सांगितलं. म्हणून ही वही. विषय कुठेतरी पूर्ण करायलाच हवा.

विषय असा. आमचा चौघांचा बँड आहे. वन्सं, म्हणजे यांची धाकटी बहीण, गातात. दंतवैद्य गिटार वाजवतात. बेकरीवाले ड्रम्स. मी बेस गिटार. सोळा तारखेला वाचनालयाच्या सभागृहात पहिला कार्यक्रम. घरचा स्पीकर तिथे पुरणार नाही. दुकानदाराने दोन्ही पर्याय तीन आठवडे वापरून बघायला दिले आहेत. एक मोठं कॅबिनेट, त्यात आठ स्पीकर. किंवा दोन लहान, प्रत्येकात चार. आठ ते आठच. मी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेली आहे. निर्णय दोन दिवसांत होईल.

३ मार्च
मापं घेतली. मोठं : उंची चार फूट, रुंदी सव्वादोन. लहान : उंची दोन फूट. मी : पाच फूट एक इंच.
माझी उंची कशाला मोजतेस, असं यांनी विचारलं. शास्त्रीय पद्धतीत सगळी मापं घेतात.

५ मार्च
तालीम. बेकरीच्या मागच्या खोलीत, पिठाच्या पोत्यांमध्ये. आधी लहान दोन लावली. दंतवैद्यांनी एक या टोकाला ठेवलं, एक त्या टोकाला. मध्ये मी. समोर काही नाही. एवढी मोकळी खोली, आणि मध्ये मी एकटी गिटार घेऊन.
बोटं एकदम गार पडली. पंख्यामुळे. बेकरीवाल्यांना म्हटलं, पंखा बंद करा. ते म्हणाले, बाई, तो गेल्या आठवड्यापासून बंदच आहे.
त्यांना वस्तू वेळेवर दुरुस्त करून घ्यायची सवय नाही.

६ मार्च
हे लिहून ठेवायला हवं, म्हणजे आवाजाचा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते माझ्या ध्यानात राहील. गिटार वन्संच्या यजमानांची. ते गेले त्याला दोन वर्षं झाली. ते बेस वाजवायचे, वन्सं गायच्या. ते गेल्यावर वन्संनी तोंड मिटलं ते मिटलंच. घरात गुणगुणसुद्धा नाही. मग एकदा त्या गिटार घेऊन आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, वहिनी, तुम्ही वाजवाल का? तुम्ही माझ्याबरोबर उभ्या राहिलात तर मी गाईन. बेसचा तो खालचा सूर चालू असला की पायाखाली जमीन आहे असं वाटतं, एरवी नाही वाटत.
दीड वर्षात शिकले. पहिले तीन महिने बोटांना फोड. एक दिवस चुकवला नाही.
तेव्हा आवाज पोचलाच पाहिजे. म्हणून कॅबिनेट. यात दुसरं काही नाही.

८ मार्च
मोठं लावून तालीम. त्याच्या मागे उभी राहिले. फार सुंदर आवाज. भक्कम. हात अजिबात गार पडले नाहीत. शास्त्र म्हणतात ते हेच.
दंतवैद्य म्हणाले, वाजवणाऱ्याने स्पीकरच्या पुढे उभं राहायचं असतं. मी म्हटलं, बसचा ड्रायव्हरसुद्धा इंजिनाच्या मागेच बसतो. ते म्हणाले, हो, पण पुढे काच असते. बेकरीवाले इतके हसले की पिठाचा धुरळा उडाला.
दंतवैद्यांना विनोदाची फाजील सवय आहे. दिवसभर समोरच्याचं तोंड उघडं असतं आणि त्याला उलट बोलता येत नाही, म्हणून.

९ मार्च
निर्णय : मोठं.
अँप्लिफायर, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारं यंत्र, त्याच्यावर ठेवायचा. तो आठ इंच. एकूण चार फूट आठ. माझ्यातले पाच इंच वर उरतात, म्हणजे कपाळ. स्टूलवर बसून वाजवलं तर काहीच उरत नाही.
स्टूल वापरणार नाही. तालमीत उभी राहते ती कार्यक्रमातही उभीच राहीन.

१० मार्च
स्टूल लागेल. गुडघे.

११ मार्च
हे म्हणाले, तू घाबरली आहेस का?
जेवतानाच म्हणाले. विषय बंद यांनी केला होता आणि काढलाही यांनीच.
मी सांगितलं, सत्तावीस वर्षं मुख्याध्यापिका होते. रोज सकाळी आठशे मुलांसमोर उभी राहत होते. हे म्हणाले, ती मुलं तुला घाबरायची, हा वेगळा मामला आहे.
पाण्याचे पेले पुन्हा विसळले.

१३ मार्च
सभागृह बघून आले. खुर्च्या एकशेवीस. रंगमंचावर चढून पुन्हा मोजल्या. एकशेवीसच, पण तिथून जास्त वाटतात. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. रिकाम्या खुर्च्यांनी माणसाकडे इतकं बघू नये.
छातीत धडधड. जिने चढल्यामुळे. रंगमंचाला तीन पायऱ्या आहेत.
कलाकारांच्या खोलीत जाऊन वायुवीजनाची तपासणी केली. वीस मिनिटं लागली. दार आतून नीट लागतं. बाहेर आले तर वन्सं दाराशीच उभ्या. म्हणाल्या, वहिनी, मलापण भीती वाटतेय हो. शब्द विसरले तर? आवाजच फुटला नाही तर? मग स्वतःच म्हणाल्या, पण तुम्ही आहात ना.
मी म्हटलं, अर्थात. बहुधा तीनदा म्हटलं.

१५ मार्च
संकल्प. वेळेवर पोचणे. हात साबणाने धुणे. प्रेक्षकांकडे न बघणे. स्टूल विसरू नये.
सहाही गाणी पाठ आहेत. एकही सूर चुकत नाही. काळजीचं कारण नाही.
सकाळपासून काही खाल्लं नाही. उपाशी पोटी बोटं हलकी चालतात.

१६ मार्च. दुपारी ४.४०
सभागृहातली खोली. मोठं जागेवर. मी दोनदा मागे बसून बघितलं. समोरून बेकरीवाल्यांनी खात्री केली. म्हणाले, बाई, तुम्ही आहात की नाही तेच कळत नाही. चांगलं.
हात ओले. नीट पुसले गेले नाहीत.
पडद्याच्या फटीतून बघितलं. भरलंय. हे पहिल्या रांगेत. पहिल्या रांगेत बसायला यांना कोणी सांगितलं?
पुन्हा पुसले. ओलेच. टॉवेल वाईट.
बोलावतायत.

१७ मार्च
कार्यक्रम उत्तम झाला. सहा गाणी. माझ्याकडून एकही चूक नाही. टाळ्या भरपूर. वन्संना लोकांनी गराडा घातला. एका गृहस्थांनी मला अदबीने विचारलं, बाहेर जायचं दुसरं दार कुठे आहे. त्यांना मी व्यवस्थापनातली वाटले.
तिसऱ्या गाण्यात वन्संचा आवाज कापला. एक ओळ गेलीच. दंतवैद्यांनी तीच सुरावट पुन्हा फिरवून सांभाळून घेतलं. मग वन्सं पुढे गायल्या. फार बारीक आवाजात, पण गायल्या. मी माझं बरोबर वाजवत होते.

संध्याकाळी ५
कालचं थोडं राहिलं.
आवराआवर करताना दंतवैद्यांनी अँप्लिफायरवर हात ठेवला. तो गार होता. पाऊण तास वाजल्यावर तापायला हवा. दिवा लागलेला नव्हता. बटण खाली, म्हणजे बंद.
ते बटण यंत्राच्या मागच्या बाजूला आहे. मागे कोणीही आलं नव्हतं. मागे मी होते.
पडदा उघडण्याआधी मी बटणाला हात लावला होता, हे आठवतं. चालू आहे ना, याची खात्री करायला. घट्ट दाबून खात्री केली. विजेच्या वस्तूंचा भरवसा नसतो.
दंतवैद्यांनी विनोदसुद्धा केला नाही.
वन्संना घरी सोडलं. फाटकाशी त्या म्हणाल्या, वहिनी, मला वाटलं तुम्ही उठून गेलात. पहिल्या गाण्यापासून खालचा सूर येईना. वाटलं, येईल. तिसऱ्यात मागे वळून बघितलं, तर खोक्याच्या वर कोणीच दिसेना.
मी सांगितलं, बटण दाबलं गेलं.
त्या म्हणाल्या, हो का.
मी म्हटलं, मी सगळं वाजवलं, एकही सूर चुकला नाही. त्या म्हणाल्या, असेल. आणि फाटक लावून घेतलं.
कडी लावून घेतली. नेहमी नुसतं लोटतात.

१८ मार्च, मंगळवार
सकाळी दहाला वन्सं दंतवैद्यांची गाडी घेऊन दारात. बसल्या नाहीत. म्हणाल्या, मोठं परत करायचं, लहान दोन ठेवायची.
मी समजावलं की आवाजाच्या दृष्टीने काहीही फरक नाही. त्या म्हणाल्या, माहीत आहे, आठ ते आठच. पण ही दोन फुटांची आहेत. एक तुमच्या बाजूला, एक माझ्या. त्यांच्यामागे मांजरसुद्धा लपायचं नाही. वाचनालयाने तीस तारखेला पुन्हा बोलावलंय.
मी म्हटलं, तीसला काय आहे ते बघून सांगते. त्या म्हणाल्या, बघा. आणि उभ्याच राहिल्या.
बघितलं. काही नव्हतं.
हात गार पडले. आज पंख्याचं नाव घेतलं नाही.

दुकानात परत दिलं ते : मोठं कॅबिनेट एक. चाकं चार, चारही फिरतात. कापडी झाकण एक. वायर एक. स्टूल एक. स्टूल आमचं नाही, असं दुकानदार म्हणाला. राहू द्या, असं वन्सं म्हणाल्या.
त्याने एक फॉर्म भरायला दिला. आवाजाबद्दल तक्रार : नाही. दुकानदार म्हणाला, मग परत का करताय, बाई?
वन्सं माझ्याकडे बघत होत्या.
परत करण्याचं कारण : उंची.
सही केली.