गच्चीवरचं चालणं

नाशिक रोड,
२ जून २०२०

सौ. लंकास,

मी बरा आहे. तुझे गुडघे कसे आहेत? आपला दिगंबर तुला फोनवर सांगणार नाही, म्हणून लिहितो.

शुगरसाठी डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलेलं. लॉकडाऊनमध्ये पोलीस फिरू देईनात. मी तरी निघायचो, म्हणून तुझ्या लाडक्यानं माझ्या चपलाच कपाटात कोंडल्या. मग मी भरदुपारी, सगळे झोपल्यावर, गच्चीवर अनवाणी चालायचो. शुगरनं तळवे बधिर झालेले, फरशी तापलेली कळलीच नाही. फोड आले, एक चिघळला. गेल्या आठवड्यात उजवा पाय घोट्याच्या वर कापला.

पोराला रागवू नकोस, फार रडला. काल त्यानं कपाट उघडून चपला परत दिल्या. दोन्ही.

तुझ्या पोरांचा बाप,
गोरक्ष