कानटोपीतली पट्टी

अहो,

पांडवलेणी चढून आलात की आधी पंख्याखाली बसा, मग हे वाचा. पोहे झाकून ठेवलेत, वरून मीठ घेऊ नका.

मी द्वारका चौकातल्या ट्रॅव्हल्सवाल्याकडे चालले आहे. गंगोत्री, गोमुखची हिमनदी, फुलांच्या दरीचं राष्ट्रीय उद्यान, एवढं सगळं एका आठवड्यात बसवायला तुम्ही महिनाभर नकाशावर वाकून बसलात. आज नावं पक्की करायची, हेही माझ्या लक्षात आहे. पण मी नावं द्यायला नाही, थोडे दिवस थांबा म्हणायला चालले आहे. माझ्यामागे त्याला फोन करू नका. संध्याकाळी डॉक्टरांकडे जायचंय, आणि या वेळी मीही आत येणार.

सकाळी ट्रंकेतले लोकरीचे कपडे उन्हात घालायला काढले. तुमच्या कानटोपीत, छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पट्टी निघाली. त्यातल्या काही घेतलेल्या आहेत. कुठे घेतल्यात? लेण्यांच्या पायऱ्यांवर? आणि घरी येऊन मला रोज सांगता, "आज अजिबात दम लागला नाही!" गोमुखला म्हणे धडधाकट माणसालाही धाप लागते. तिथे तुम्हाला काही झालं असतं तर मी बर्फात कुणाला हाका मारल्या असत्या?

चिडू नका. मीच इतकी चिडले आहे की अक्षरसुद्धा धड येत नाही.

पट्टी खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात ठेवली आहे. तिथेच राहू द्या. आणि लपवायचीच असेल, तर मला माहीत असलेल्या जागी लपवा.

शैला