आतली कडी

ता. लाखांदूर, जि. भंडारा
८ डिसेंबर २०२४, रविवार

ती. धुरपताताईस,

धाकट्या हर्षाचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. यंदा धान चांगलं झालं, कापणी-मळणी आटोपली. ह्यांचा खोकला तेवढा जात नाही, आणि औषध घ्या म्हटलं की माणूस माझ्यावरच खेकसतो. तू गुडघ्याला तेल लावतेस ना? कोठीच्या खोलीचं थोडं काम काढलं होतं, काल इश्वर सुतार येऊन करून गेला. काम एवढंसं, पण चहा तीनदा प्याला.

पत्र पाहून तू म्हणशील, फोन असताना हिला हे काय सुचलं? पण तुझा फोन तुझा लेक मनिषच उचलतो. तू बोलतेस तेव्हाही तो शेजारी बसलेला असतो, हे तुझ्या आवाजावरून मला कळतं. म्हणून हे पत्र तुमच्या गावच्या जनाबाईच्या हाती देते. ती लाखांदूरला लेकीकडे आली आहे, उद्या आंधळगावला परत निघेल. तुझ्याच हातात द्यायचं, असं तिच्याकडून वदवून घेतलं आहे. वाचून झालं की चुलीत टाक. पण आधी शेवटपर्यंत वाच.

मनिषची शिक्षक म्हणून तात्पुरती नोंदणी झाली, विशेष मुलांच्या निवासी शाळेत जागाही ठरली. आता पोलिसांचा चारित्र्य दाखला आला की रुजू व्हायचं, एवढंच राहिलं होतं. तो दोन वर्षं माझ्याकडे राहून शिकला, आधार कार्डावर पत्ता माझाच, म्हणून चौकशीही माझ्याच गावात आली. तू फोनवर केवढ्या आनंदाने म्हणालीस, "आपल्या घरचीच पोलीस पाटील हाये, मंग कायची फिकर!" मीही हसले.

गावातल्या कोणाच्याही पोराचा दाखला असला की माझ्या दोन ओळी ठरलेल्या. वर्तणूक चांगली, कोणाची तक्रार नाही. खोटं काही नसतं त्यात. तक्रार नसतेच. तक्रार करायला तोंड लागतं, ताई.

गुरुवारी धनीराम हवालदार आले. ओसरीवर बसले, बॅग उघडली आणि म्हणाले, "पाटीलबाई, घरचाच पोरगा हाय तुमचा. दोन ओळी लिवा, सही करा, मी चाललो." मी पेन घेतलं. तेवढ्यात शेजारच्या चंद्रभागाबाईंची नात आली, डिंपल. नऊ वर्षांची आहे, बोलत नाही, समजही कमी आहे. तुला आठवत असेल, मनिष सरावासाठी दुपारी तिला माझ्याच ओसरीवर शिकवायचा. अनोळखी माणूस, मनिषची असायची तशीच खांद्याची बॅग आणि बाहेर काढलेली वही बघून ती जागीच थांबली. मग हळूच त्यांच्यासमोर गेली आणि दोन्ही मनगटं एकमेकांवर ठेवून पुढे केली.

हवालदार हसले. "हे पोरगी मले हातकडी लाव म्हणून राहिली का?"

ती काय म्हणत होती, हे मला ठाऊक होतं. उन्हाळ्यात एका दुपारी मी ग्रामपंचायतीतून लवकर घरी आले. कोठीच्या खोलीला बाहेरून कडी होती आणि मनिष ओसरीवर मोबाइल बघत होता. आतून काहीतरी घासल्यासारखा आवाज आला, म्हणून कडी काढली. अंधारात धानाच्या पोत्यांमध्ये डिंपल बसलेली. तिचे हात ओढणीने बांधलेले, फ्रॉक ओला. तिने रडावं ना? नाही रडली. मनिष मागून शांतपणे म्हणाला, "मावशी, तुले नाही समजत. अशा पोराईले अशीच सवय लावा लागते."

मी त्याला त्याच दिवशी तुझ्याकडे पाठवलं. चंद्रभागाबाईंना मात्र सांगितलं, नोकरी शोधायला गेला. मी भित्री आहे ताई, लहानपणापासून आहे, तुझ्या पदराआड लपणारी.

पण गुरुवारी ती मनगटं पाहिली आणि डोळ्यांसमोर ती निवासी शाळा आली. तिथे रात्रंदिवस मुलं राहणार आणि तोंड एकालाही नसणार. सवय लागली की तीही अशीच आपणहून हात पुढे करतील.

वर्तणूक चांगली असं लिहिणार नाही म्हटलं, तसं ह्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं. "आपल्याच पोराच्या पोटावर पाय देऊन राहिली का तू? ताईले का तोंड दाखवशील?" पहिला कागद मी फाडून टाकला. दुसऱ्यावर जे पाहिलं ते सगळं लिहिलं आणि सही करून दिलं. संध्याकाळी चंद्रभागाबाईंकडे गेले, त्यांनाही सांगितलं. त्या नातीला मांडीवर घेऊन तिची मनगटं चोळत बसल्या.

कागद पुढे गेला आहे. आज ना उद्या मनिषला कळेल की मावशीनेच लिहिलं. तो गाडी काढून इकडे येईल, याची मला भीती आहे. पण इथे हे आहेत, शेजार आहे. खरी भीती मला तुझी वाटते, ताई. तू त्याच्यासोबत घरात एकटी आहेस.

भाऊबीजेला तू आलीस तेव्हा चुलीजवळच्या उकाड्यातही लांब बाह्यांचं पोलकं घातलं होतंस. भांडी घासताना बाही वर सरकली. बांगडी फुटली म्हणालीस. बांगडी फुटली तर ओरखडा उठतो, हाताला वेढा घालून निळं होत नाही. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे तुलाही कळलं. आपण दोघी चकल्यांच्या भाजणीबद्दल बोलत राहिलो.

मी त्याचा दाखला अडवला, याचा राग तो कोणावर काढेल, हे मला सांगावं लागू नये. तू मला शिव्या दे, माझ्या दारात पाणी पिऊ नकोस, पण त्याला कळायच्या आत तिथून नीघ. त्याला सांग, हर्षा आजारी आहे. सामान घेऊ नकोस, पिशवी दिसली की विचारेल. भंडाऱ्याहून लाखांदूरची एसटी धर, स्टँडवर मी रोज उभी असेन.

निजायला कोठीची खोली रिकामी केली आहे. पोती ओसरीवर काढली, भिंतीला चुना दिला. इश्वर सुताराकडून दाराची बाहेरची कडी उपटून घेतली. तीच त्याने आतल्या बाजूला बसवून दिली आहे.

स्टँडवर वाट पाहणारी,
तुझी भित्री
हर्षा