कागदाला आधीचा उजेड

३ डिसेंबर
पुण्याहून निगेटिव्ह धुऊन आल्या. पोलिसांनी दोन वर्षांनी कॅमेरा परत दिला, त्यात माझ्या भावाचा, मिलिंदचा, अर्धवट रोल तसाच होता. सगळा बेल्ह्याचा बाजार. बैल, दोरखंडं, टेम्पोत चढायला अडून बसलेली गाय. शेवटची फ्रेम मात्र मिलिंदची स्वतःची. सलीमनं काढली असणार. त्याचा मित्र, फोटोला नेहमी बरोबर तोच. त्याच संध्याकाळी, अंधारात, मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली. चालवत सलीम होता, तो वाचला.
आईला सांगितलं. तिनं हातातली सुपली खाली ठेवली. मग म्हणाली, "त्या दिवसाचा हाय? मला दाखव. मी शेवटचा पाह्यला तो निस्त्या पट्ट्यांमदी."

५ डिसेंबर
पॅथॉलॉजीतून लवकर निघाले. मागच्या खोलीत, मिलिंदच्या डार्करूममध्ये, खिडकीवर काळा कागद चिकटवला. त्याच्या शेजारी उभं राहून जेवढं शिकले तेवढंच. प्रिंट निघाली. बाजार आला, शिंगांवरच्या रेघासुद्धा आल्या. शर्टाच्या वर पांढरं. नाक नाही, डोळे नाहीत. उजेड वाढवून पाहिला तर मागचं सगळं काळं मिट्ट, चेहऱ्याच्या जागी मळकट डाग.
आई बाहेरून, "जमलं का गं सुजाता?"
अजून नाही म्हटलं.

६ डिसेंबर
विहारात गेलो. मेणबत्त्या लावताना दोघीतिघींनी आईला कोर्टाचं विचारलं. सलीमवरच्या केसची सोळाला तारीख, जुन्नरला. आईची साक्ष. जबाबात तिनं लिहून दिलंय, मिलिंद दवाखान्यात तिला म्हणाला, सलीमनं गाडी लई जोरात घातली. मी तेव्हा रक्त आणायला खाली गेले होते.


९ डिसेंबर
दोन वर्षांत पहिल्यांदा सलीमला फोन. जुन्नरात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं, मागून कसलातरी रिंगटोन सारखा वाजत होता. फोटोचं सांगितलं. त्यानं आधी तो रिंगटोन बंद केला. मग, "ताई, त्यानंच शिकवलं व्हतं, सावळा चेहरा आसंल तर जास्त उजेड घ्यायचा. मी घेतला. डोक्यावर ऊन केवढं व्हतं ते ध्यानात नाय आलं."
चेहरा निगेटिव्हमध्ये आहे म्हणतो, गेलेला नाही. कागद तिथवर पोचत नाही. कागदाला आधी फ्लॅश द्यायचा, म्हणजे नुसता उजेड, निगेटिव्ह न लावता. किती द्यायचा ते फोनवर सांगता येणार नाही. "मी येऊ का?"
आई परवा डिंगोऱ्याला मावशीकडे जाणार आहे. परवा ये म्हटलं.

११ डिसेंबर
आला. मांडीत रॉड आहे, स्टुलावर पाय लांब करून बसावं लागतं. खोलीत शिरल्यावर मिलिंदच्या ट्रेवरून नुसती बोटं फिरवली.
निगेटिव्ह बाजूला काढली. एन्लार्जरचं डोकं वरपर्यंत, भिंगाचं तोंड अगदी बारीक, म्हणजे उजेड कमीत कमी. कागदाच्या पट्टीवर पुठ्ठा, दर सेकंदाला बोटभर सरकवायचा. लाल दिव्यात त्यानं सांगितलं, "उजेड इतकाच, की कागद पांढराच राहिला पायजे. अजून थेंबभर पडला की काळवंडंल, त्याच्या अलीकडं थांबायचं. मग चेहऱ्याचा जो काय थोडा उजेड येतो तो फुकट जात नाय."
ओल्या पट्टीवर पाचव्या सेकंदाला राखाडी दिसलं. मी चार धरत होते. नको म्हणाला, वाळू दे. वाळल्यावर चौथाही मळलेला. म्हणून तीन. कागद जुना, त्यामुळे तिथंही खात्री नाही.
तीन सेकंद फ्लॅश, मग निगेटिव्ह. आधी छोटी पट्टी, नुसत्या चेहऱ्यावर. कपाळ आलं. मग भुवई. मी ट्रेची कड धरून उभी.
मोठ्या कागदावर सगळा आला. तोंड उघडं, हसतोय की ओरडतोय.
"मला शिव्या देत व्हता," सलीम म्हणाला. "भिंग बंद कर थोडं, चेहरा जळंल म्हणत व्हता."
मी विचारलंच. जोरात होतास का?
"साठ आसंल. ट्रॉलीला मागं लाइट नव्हती." पाय हातानं उचलून सरळ केला. "रोज आठवतो ताई. रोज येगळंच आठवतं. कदी कदी ऐंशी आसतं."
तेवढ्यात आई दारात. मावशी आजारी, तिला नारायणगावला दवाखान्यात नेलेलं, म्हणून परत फिरली. सलीम टेबलाला धरून उभा राहिला. "आई" एवढंच म्हणाला. तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही, ओला फोटो उचलला. पाणी तिच्या लुगड्यावर.
"ह्यो कुणाकडं बघतोय?"
"माझ्याकडं," सलीम म्हणाला.
"तुझ्याकडं," आई म्हणाली, आणि आत गेली.
तो चहा न घेता गेला. एसटीपर्यंत सोडायला गेले नाही, हिंमत झाली नाही.

१२ डिसेंबर
फोटो आईच्या उशाशी. सकाळी ती ज्वारी निवडत होती. विचारलं, मिलिंद दवाखान्यात नक्की काय बोलला.
"बोलला."
काय पण?
खडे काढत राहिली. मग म्हणाली, "घशातनं आवाज येत व्हता. 'सलीम' आसं म्हणला, ते ऐकलं मी. फुडचं त्याचं व्हतं का मी लावलं, आता सांगता येत न्हाई."
मग लिहून का दिलंस?
"कुणी विचारलं व्हतं का मला दुसरं काय?"
उठून कामावर गेले. दिवसभर स्लाइड बघताना तेच.

१४ डिसेंबर
आई नीट जेवत नाही. मी काही विचारत नाही. सलीम खोटा आहे असं मला वाटत नाही. निर्दोष आहे असंही नाही.

१६ डिसेंबर
कोर्टाच्या व्हरांड्यात. मीही साक्षीदार, म्हणून मला आत घेत नाहीत. पुकारा झाला तसा आईनं पदर नीट केला. विचारलं, काय सांगणार? "उभी राह्यल्यावर बघू," म्हणाली आणि गेली. दार लोटलंय. पंख्याचा आवाज तेवढा येतो.
सलीमची आई समोरच्या बाकावर होती. मगाशी उठली, माझ्याशेजारी येऊन बसली. ओळख देत नाही, मीही नाही. दोघी दाराकडे बघतोय.